कोरड्या पट्ट्या

३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर टाकतेय. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, आणि घरी पाठवलं तर वहिनीला ते लपवावं लागेल. तिला आधीच पुष्कळ लपवावं लागतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कचेरीत पत्र आलं तर लोक म्हणतील, कुणाची तरी तक्रार असेल. तशी ती आहेच.

माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटपर्यंत वाट बघत वाचायला नको.

त्या दिवशी जिन्यात तू म्हणालास, आजपासून तू माझी कुणी नाहीस. समोरच्या दोन दारांनी ते नीट ऐकलं. मी गप्प राहिले, कारण तुझी थोरली माझा दंड धरून उभी होती, तिच्या नाकात कापूस होता आणि ती तोंडाने श्वास घेत होती. अशा वेळी मोठ्यांनी भांडायचं नसतं एवढं मला कळतं. आता ती अडचण नाही.

तर हो, तुझी लेक चौदा महिने माझ्याबरोबर किकबॉक्सिंग शिकतेय. तुम्हाला संगणकाचा क्लास सांगितला होता. ती बावीस वर्षांची, मी चव्वेचाळीस. दोघींची मिळून सहासष्ट वर्षं झाली, तरी तुझ्या धाकाने आम्हाला एक खोटा क्लास काढावा लागला. यात लाज कुणाला वाटायला हवी ते तू ठरव.

मी तिला ओढून नेलं नाही. आपल्या पायांनी आली. सरावात कुणाचा तरी हात लागला, नाकाचं हाड सरकलं. होतं असं. हॉटेलच्या स्वागतकक्षातली तिची नोकरी गेली याचं वाईट वाटतं. तू ओळखीत शब्द टाकला होतास, तुला खाली बघावं लागलं असेल. पण सुजलेला चेहरा बघून ज्यांनी आठ दिवसही कळ काढली नाही, त्यांच्याकडे ती किती टिकली असती?

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस म्हणून सांगते. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत. तिच्या तोंडातलं कवच मी स्वतः केलं होतं. तिच्या दातांचा साचा घेतला, प्लास्टरचा जबडा ओतला, त्यावर चार मिलिमीटरचा मऊ प्लास्टिकचा पत्रा तापवून बसवला, कडा हाताने घासल्या. गेली एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कवळ्या आणि कॅपा बनवतेय. घरातल्या पोरीच्या तोंडात बाजारातलं उकळून चावायचं रबर घालीन होय?

तू नाही म्हणालास तरी तुझीच,
बटण

१९ फेब्रुवारी

दादा,

तू तिचे ग्लव्हज कापलेस.

थोरली काल जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये आली आणि पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. आमचा प्लास्टरवाला शेजारी जबडे ओतत होता, त्याचाही हात थांबला. तू काम नीट करतोस, हे मान्य. केबल कापायच्या सुरीनेच कापलेस ना? अंगठ्यापासून मनगटापर्यंत एकच सरळ रेघ, दोन्हींना सारखी. आतला फोम बाहेर आला होता.

ते ग्लव्हज दहा औंसांचे होते, तिने स्वतःच्या शिकवण्या घेऊन घेतलेले. रोज सरावानंतर ती त्यांत वर्तमानपत्राचे बोळे घालायची, आठवड्याला एकदा माझ्या खिडकीत तोंड वर करून ठेवायची. तरी त्यांना वास यायचाच. ग्लव्हजचा वास कसा असतो ते तुला सांगायला नको. तू बॉक्सिंग करायचास तेव्हा तुझ्या ग्लव्हजशेजारी मी दहा वर्षं झोपले आहे. एका खोलीत दुसरी जागाच नव्हती.

तिला मी माझे जुने दिले. जरा मोठे होतात. आणि तीन दिवसांचे कपडे ती पिशवीत घेऊनच आली होती, तेव्हा ती आता माझ्याकडे राहतेय. तिला मी पळवलेली नाही. वहिनीला तिने फोन केला, वहिनी म्हणाली, गरम पांघरूण आहे ना. एवढंच म्हणाली. तू शोधायला येशील असं थोरलीला वाटत होतं. संध्याकाळी दोनदा खिडकीत गेली.

तुला वाटत असेल आम्ही कुठल्या तरी अड्ड्यावर जातो. तर ऐक. बॅटरीच्या दुकानावरचा मजला आहे. लोखंडी जिना, वर एक लांब खोली, जमिनीवर निळ्या गाद्या, त्यांच्या फटींना चिकटपट्टी लावलेली. चार बॅगा टांगलेल्या, त्यातली एक मधेच फुगलेली आहे, तिला सगळे गरोदर बॅग म्हणतात. आमचे मास्तर साठीचे आहेत, सकाळी टपाल वाटायचे, आता निवृत्त. ओरडत नाहीत. हनुवटी वर गेली तर फक्त स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड तास. दोरीवरच्या उड्या, मग एकमेकांसमोर उभं राहून पॅडवर लाथा. माझ्या नडग्या आधी वांग्यासारख्या झाल्या होत्या, आता काही लागत नाही.

तू म्हणायचास, लाथा मारणं म्हणजे बॉक्सिंग नव्हे, गाढवपणा आहे. ये आणि एक लाथ मांडीवर घेऊन बघ. मग जिना उतरताना काय म्हणतोस ते ऐकायला मी खाली उभी राहीन.

बटण

८ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. वहिनीकडून कळलं की पत्रं तुझ्या डब्याच्या पिशवीत असतात. म्हणजे वाचतोस.

आज शनिवार. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी आणि प्लास्टरवाला फोन प्लास्टरच्या डब्याला टेकवून लढती बघतो. ज्याचा लढवय्या हरतो त्याने सगळ्यांची भांडी घासायची, प्लास्टर कालवायची भांडी. तो नेहमी उंच माणूस निवडतो. मी पाय बघते. तूच शिकवलंस. मी सात वर्षांची असेन, तुझ्या गुडघ्याला टेकून बसलेली, टीव्हीवर मुंग्या मुंग्या, आणि तू म्हणाला होतास, हातांकडे बघू नकोस बटण, हात खोटं बोलतात, आधी पाय बघ. प्लास्टरवाल्याने गेल्या वर्षभरात एकोणीस वेळा भांडी घासली आहेत. तुझी विद्या वाया गेलेली नाही.

अलीकडे मी आणखी एक बघते. लढत संपली की कॅमेरा जिंकणाऱ्याकडे जातो, पण कडेला हरलेला दिसतो. कोण दोरीला धरून उठतं, कोण आपल्या माणसाच्या खांद्यात तोंड लपवतं, कोण उगाच हातमोजे काढत बसतं. मला तेच जास्त बघावंसं वाटतं.

ग्लव्हजच्या आत हातांना गुंडाळायच्या तुझ्या पट्ट्या मी धुवायची, आठवतं? चार मीटरच्या दोन. धुवायच्या, वाळवायच्या, मांडीवर ताणून घट्ट गुंडाळायच्या आणि शेवटी काळ्या दोऱ्याने बांधायच्या, म्हणजे पिशवीत सुटत नाहीत. मला एकदा बॅगवर मारून बघायचं होतं. तू म्हणालास, तुझं मनगट मोडेल. आई म्हणाली, मुलीच्या जातीला कशाला. मी पट्ट्या धुतल्या.

एकेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बॅगवर मारलं. मनगट मोडलं नाही. आई गेल्याला तेव्हा दोन महिने झाले होते. औषधांच्या वेळा संपल्या, अंग पुसणं संपलं, आणि संध्याकाळी सहा वाजता हातांना काही कामच उरलं नव्हतं. लॅबमधून घरी येताना बॅटरीच्या दुकानावरून धप्प धप्प आवाज यायचा. एक दिवस जिना चढले. मास्तरांनी वय विचारलं नाही, चष्मा काढून ठेव म्हणाले.

आता बातमी. तेरा एप्रिलला क्लबा-क्लबांच्या लढती आहेत. चाळिशीपुढच्या बायकांचा गट पहिल्यांदाच होतोय. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. मी नाव दिलंय.

डॉक्टरांनी तपासून सही केली आहे. तुझी सही लागत नाही.

बटण

२ एप्रिल

दादा,

पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. तुला खोटारडा म्हणायचं तर आधी माझं खोटं बाहेर काढावं लागेल. तुला खोटारडा का म्हणणार ते पुढच्या पत्रात.

पहिली गोष्ट, थोरली आपल्या पायांनी आली नव्हती. मी नेलं. कॉलेज संपल्यावर ती तुमच्या घरात खिडकीशी बसून असायची, कुणी हाक मारली की दचकायची. मी तिला म्हटलं, चल, नुसतं बघ. तिचे ग्लव्हज तिने घेतले, पण पट्ट्या मी घेतल्या होत्या, आणि संगणकाचा क्लास ही अक्कलही माझीच.

दुसरी गोष्ट लिहायला तीन दिवस लागले.

कुणाचा तरी हात लागला, असं मी लिहिलं. तो माझा हात होता. उजवा.

आम्ही दोघी सरावाला समोरासमोर होतो. जोर निम्माच लावायचा असं ठरलेलं असतं, सगळ्यांचं असतं. तिसऱ्या फेरीत तिने माझ्या बरगडीत इतकी सुंदर लाथ घातली की कडेला उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर कधी कुणाला शाबास म्हणत नाहीत, तेही म्हणाले. मी तीन वर्षं घासतेय, दादा. ती चौदा महिन्यांत माझ्या पुढे गेली. मला ते दिसत होतं, आणि आवडतही होतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. त्या टाळ्या ऐकल्या आणि डोक्यात काहीतरी तापलं. तिने हात खाली घेतला होता, ती हसत होती. मी निम्मा नाही, अख्खा मारला.

कट् असा आवाज आला. दिवसभर मी जबडे आणि दात हाताळते, हाड सरकल्याचा आवाज मला कळतो.

ती खाली बसली, नाक धरलं आणि सगळ्यांना म्हणाली, माझीच चूक, मी पुढे आले. दवाखान्यात तेच सांगितलं. तुझ्यासमोर जिन्यातही तेच. तू मला घालून पाडून बोलत होतास तेव्हा ती मधे पडत होती, आणि मी तिला पडू दिलं.

मास्तरांनी बघितलं होतं. महिनाभर त्यांनी मला कुणासमोर उभं केलं नाही. फक्त दुसऱ्यांसाठी पॅड धरायचे. मी धरले. मग थोरलीनेच एक दिवस ग्लव्हज घातले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझा हात उठेना. ती म्हणाली, आत्या, निम्म्याने मार, पण मार, नाहीतर मला शिकायला कोण उरलं?

तर हे असं आहे. माझ्यावर चिडायचं असेल तर आता खरं कारण घेऊन चीड. तिच्या नाकासाठी मी जन्मभर ओशाळी राहीन. पण तिला तिथे नेल्याबद्दल नाही. त्याबद्दल तू कितीही जिने चढून-उतरून ओरडलास तरी नाही.

बटण

१५ एप्रिल

दादा,

हरले. दोन पंचांनी तिला दिलं, एकाने मला.

समोर बस चालवणारी बाई होती, एक्केचाळीसची, खांदे असे की गिअर तिला घाबरत असेल. पहिल्या फेरीत तिने मला कोपऱ्यात कोंडलं. दुसऱ्या फेरीत मी तिच्या मांडीवर एकाच जागी पाच लाथा मारल्या, तेव्हा तिचा पाय जड झाला. तिसऱ्या फेरीचं मला फारसं आठवत नाही. थोरली म्हणते, मी शेवटची वीस सेकंदं पुढेच जात होते. माझा डावा डोळा आज जांभळा आहे. लॅबमध्ये डॉक्टर दाढेचं मॉडेल न्यायला आले आणि मॉडेल विसरून गेले.

पण तुला सांगायचंय ते लढतीच्या आधीचं.

सकाळी दहाची वेळ. एका शाळेची व्यायामशाळा होती. पट्ट्या बांधून झाल्या. बाथरूमला जाते सांगून निघाले. बाथरूमच्या पुढे एक दार होतं, त्याच्या पुढे गाड्या लावायची जागा, त्याच्या पुढे फाटक. मी फाटकापर्यंत गेले. अनवाणी, तोंडात कवच, हातांना पट्ट्या. समोर बसथांबा होता. मी खरंच हिशेब करत होते की अनवाणी बसमध्ये घेतील का.

तेव्हा माझं लक्ष हातांकडे गेलं. पट्ट्या कोरड्या होत्या.

तू तेवीस वर्षांचा होतास, मी सतरा. तुझी उपांत्य लढत. संध्याकाळी तू घरी आलास, मनगटाला बँडेज, आणि म्हणालास, दुसऱ्या फेरीत पुढे होतो, मनगट गेलं, थांबवावी लागली. आई रडली. शेजारचे येऊन भेटून गेले. मी तुझी पिशवी घेऊन पट्ट्या धुवायला मोरीत गेले. पट्ट्या मी गुंडाळल्या होत्या तशाच होत्या. काळा दोरा मी बांधला होता तसाच. साबणाचा वास येत होता. घामाचा थेंब नव्हता त्यांना.

मी त्या तशाच भिजवल्या, धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. कुणालाही काही बोलले नाही. आईला नाही, वहिनीला नाही, थोरलीला आजही नाही. सत्तावीस वर्षं तू ती दुसरी फेरी सांगतोस. जेवताना सांगतोस, पाहुण्यांना सांगतोस, आणि मी मान डोलावते. मी तुला मनात पळपुटा म्हणत आले, आणि वर तुझी इज्जत राखते म्हणून स्वतःला थोर समजत आले.

परवा फाटकाशी उभी राहिले तेव्हा कळलं की पळपुटा म्हणणं किती सोपं होतं. तुझ्या मागे येऊन उभं राहायला त्या दिवशी कुणी नव्हतं. माझ्यामागे थोरली आली. तिने धीर दिला नाही. म्हणाली, "आत्या, तुझं नाव दोनदा पुकारलं. जायचं असेल तर जा, मी सांगते त्यांना. पण पट्ट्या सोडून जा, त्या क्लबच्या आहेत."

मला इतकं हसू आलं की कवच तोंडातून पडलं. ते धुवायला परत आत गेले, आणि मग आतच राहिले.

तेव्हा तू न लढल्याबद्दल माझा राग नाही, दादा. कधी असेल तर तो फाटकाशी सोडून आले. माझा राग एवढ्यावरच आहे की तू तिथे गेला नाहीस म्हणून दुसऱ्या कुणीही जायचं नाही, असं तू घरात ठरवून टाकलंस. तुला तिच्या नाकाची काळजी होती, हे मी अर्धंच धरते. उरलेलं अर्धं त्या ग्लव्हजवरच्या सरळ रेघेत होतं. ती रेघ चिडलेल्या बापाची वाटत नाही. फार दिवसांचं काहीतरी कापल्यासारखी वाटते.

हे वाचून तू मला आयुष्यात तोंड दाखवणार नाहीस, असंही होईल. मी विचार करूनच पाकीट बंद करतेय.

बटण

६ मे

दादा,

तुझं पत्र मिळालं. कचेरीच्या तक्रार-अर्जाच्या पाठीमागे लिहिलंस, मला आवडलं.

सात ओळी. पहिल्या तीन मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. "बसमधून उतरलोच नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथल्या बाकावर बसून मनगटाला बँडेज बांधलं, एका हाताने नीट बसत नव्हतं." त्या तीन ओळी मी कुणाला दाखवलेल्या नाहीत. मी जपून ठेवावं असं त्या कागदावर तेवढंच होतं. थोरलीला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. माझ्या तोंडून जाणार नाही.

उरलेल्या चार ओळींत तू तीन अटी घातल्या आहेस. थोरलीने घरी यावं. सराव करायला हरकत नाही, पण लढतीला उतरायचं नाही. आणि नातेवाइकांत बोलायचं नाही.

मला एकही मान्य नाही. पण मला विचारून काय उपयोग? अटी तिच्यासाठी आहेत, म्हणून त्या चार ओळी मी तिला वाचून दाखवल्या. ती जेवत होती. हात धुऊन आली, परत वाचायला लावल्या. मग म्हणाली, "लढायचं की नाही, हे मलाच अजून माहीत नाही. पण ते ठरवणार मी."

मी तिला म्हटलं, हेच लिहून दे, मी पाकिटात घालते. नको म्हणाली. तोंडाने सांगणार आहे.

तिला पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत काम लागलंय. सकाळी सहाला जाते. नाकाबद्दल तिथे कुणी विचारलं नाही, एका आजीबाईंनी फक्त विचारलं, जिंकलीस की हरलीस. डॉक्टर म्हणाले होते की हाड परत बसवून सरळ करता येईल. तिने ते पुढे ढकललंय. मला बघवत नाही, पण तिच्या नाकाचं मी काही ठरवायचं नाही, एवढं शिकले आहे.

तू विचारलंस, तू बरी आहेस का. आहे. डोळा पिवळा होऊन गेला. बस चालवणाऱ्या बाईने पुन्हा लढायचं का म्हणून निरोप पाठवलाय, मी होय कळवलंय. सप्टेंबरमध्ये. आलास तर ये. नाही आलास तर मी तुझ्या नावाने रडत बसणार नाही. पण खुर्ची मागितली तर मिळेल, हे सांगून ठेवते.

रविवारी अकरा वाजता थोरली तुझ्याकडे येतेय. एकटीच येईल, मी बरोबर नसेन, जिन्यातही नसेन. वहिनीला सांग, काही खास करू नकोस. तू समजूत घालायला वाक्यं जुळवून ठेवू नकोस, ती तुझ्यापेक्षा वेगाने बोलते. आणि दार तूच उघड. उघडशील तेव्हा एवढं ध्यानात असू दे की ती परवानगी मागायला येत नाहीये.

बटण